चित्र ग्रुपवर टाकण्याआधी तिला विचारलंत का?

पत्र:
सप्रेम नमस्कार. आम्ही कळव्याला राहतो. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. गेल्या नाताळच्या सुट्टीत मुलीला जाड पुठ्ठ्याची, चांगली महागातली स्केचबुक आणून दिली. जिथे जिथे फिरायला जाऊ तिथलं एक चित्र काढायचं आणि खाली चार ओळी लिहायच्या, असं ठरवलं होतं. पहिलीच सहल ऐरोलीहून बोटीने फ्लेमिंगो बघायला. फोनमधल्या फोटोंत नुसते ठिपके आले होते, म्हणून घरी आल्यावर तिने नेटवरचं चित्र बघून काढलं. छान जमलं होतं. मी कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी अंगठे दिले, नणंदबाईंनी गमतीत 'बदकं मस्त' असं लिहिलं. पुढे उपवन तलावाचं एक पान झालं, ते तिने स्वतःच फाडलं. मग वही कपाटात. धाकटा तिच्या वहीत गिरगोट्या मारतो, ती भांडणं वेगळीच. मिस्टर म्हणतात, फोटो काढतो ना आपण, मग हा खटाटोप कशाला? सासूबाई गुडघ्यांमुळे बाहेर येत नाहीत. मला स्वतःला चित्रकलेचा गंध नाही. आता मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली आहे आणि वही पुन्हा सुरू करावीशी वाटते. मुलीला आधी क्लासला घालू का? सुरुवात कुठून करू?
– एक आई, कळवा

ताई,

क्लास, कागद, धाकट्याच्या गिरगोट्या असं बरंच काही तुम्ही विचारलं आहे. पण खरी गाठ बसली आहे ती तुम्ही ओघात लिहून गेलात त्या वाक्यात. चित्र ग्रुपवर गेलं. तिला विचारून टाकलं होतं का? पत्रात तसा उल्लेख नाही, म्हणून मी धरून चालतो की विचारलं नव्हतं.

नणंदबाईंना बोल लावू नका. बालवाडीत २ च्या आकड्याचं बदक आपण सगळ्यांनीच काढलंय, लांब मानेचा पक्षी दिसला की हात तिकडेच जातो आणि जीभही. पण नऊ-दहा वर्षांपासून पुढे मुलांच्या चित्रांचं एक अवघड वळण येतं. तोवर हाताला येईल ते काढत होती, त्यात खूश होती. आता तिला डोळ्यांना दिसतं तसंच कागदावर हवं असतं, हात तेवढा तयार नसतो, आणि हे तिला तुमच्याआधी कळतं. माझी उभी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली. पाचवी-सहावीत कितीतरी मुलं 'सर, मला नाही येत चित्र' म्हणून हात आखडून बसतात, ती याच वळणावर. अशा वेळी पंचवीस नातेवाइकांसमोर पान उघडं पडलं की 'बदकं' हा एक शब्द पुरतो. अंगठे त्या मुलीला दिसलेच नसतील.

तेव्हा आधी एवढं करा. तिला सांगा की यापुढे वहीतलं एकही पान तिच्या परवानगीशिवाय कुठेही जाणार नाही. ग्रुपवर नाही, पाहुण्यांच्या हातात नाही, तुमच्या स्टेटसवर तर नाहीच. सांगितलंत की पाळा. एकदा जरी मोडलंत तरी मे महिन्याची सुट्टीही हातची गेली समजा.

आता मिस्टरांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे, त्याला 'कला म्हणजे संस्कार' वगैरे उत्तर देऊ नका, ते हसतील आणि त्यांचं हसणं बरोबर असेल. त्यांना फ्लेमिंगोचा पाय काढायला सांगा. दहांतले नऊ जण गुडघा उलटा काढून ठेवतात, कारण तो पाय मध्येच मागच्या बाजूला वाकलेला दिसतो. तो गुडघा नसतोच, तो घोटा. खरा गुडघा वर, पिसांत लपलेला. पायाकडे दोन मिनिटं टक लावून बघितल्याशिवाय 'हे काहीतरी वेगळंच आहे' अशी शंकासुद्धा येत नाही, आणि फोटो काढणारा दोन मिनिटं बघत नाही. चोच पाण्यात घालताना तो डोकं उलटं करतो, तेही असंच. आणि रंग! मुलं गुलाबी खडू संपेपर्यंत घासतात. आपल्या खाडीत दोन जातींचे येतात. मोठा रोहित (रोहित म्हणजेच फ्लेमिंगो) जवळजवळ पांढराच, अंगावर गुलाबी झाक, तो उडाला की पंखांतला गुलाबी आणि काळा उघडा पडतो. छोटा रोहित जास्त गुलाबी, त्याची चोच गडद. पिल्लं चक्क राखाडी, कारण गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून, शेवाळातून आणि बारीक जिवांतून, हळूहळू अंगावर येतो. तुमच्या लेकीने नेटवरचं चित्र उतरवलं तेव्हा तिला यातलं काहीच भेटलं नाही. दुसऱ्या कोणीतरी बघून ठेवलेलं तिने काढलं. तिच्याच बोटीतून दिसलेले चिखलावरचे ठिपके, दूरचा ऐरोलीचा पूल आणि पुढच्या बाकावरच्या काकांची टोपी तिने काढली असती तर त्या चित्राला कोणी बदक म्हटलं नसतं.

म्हणून चित्र तिथेच काढायचं. दहा मिनिटं, बसून, फोटोच्या आणि खाण्याच्या आधी. नंतर फोटो हवे तेवढे काढा, मिस्टरांचा हात कोण धरणार. रंग घरी भरले तरी चालतील, पण रेघ जागेवर पडली पाहिजे. हलत्या बोटीत रेघ वाकडी येते. येऊ द्या, त्या दिवशी बोट हलत होती म्हणून ती वाकडी आहे.

सुरुवात तुम्ही उपवनपेक्षा ठाण्याच्या तलावपाळीवर करा, तेही संध्याकाळी पाचनंतर. उपवन सुंदर आहे, पण तिथे पाणी, मागे येऊरचा डोंगर आणि आकाश. एवढं मोठं दृश्य कागदावर मावत नाही आणि मूल घाबरतं. माझा अंदाज आहे की फाटलेलं पान याच कारणाने फाटलं. तलावपाळीला कट्ट्यावर बसा आणि तलावाकडे चक्क पाठ करा. समोर भेळवाला असेल. मेमध्ये त्याच्या गाडीवर कुरमुऱ्यांचा डोंगर, त्यावर टोमॅटो, कांदे आणि कैऱ्या रचलेल्या, कडेला चटण्यांची भांडी. आता त्याचे हात बघा. कांदा, कैरी, चटणी, पातेल्यात चमच्याचा खडखडाट, कागदाचा कोन, वरून शेव. मग पुन्हा कांदा. माणूस सतत हलतो म्हणून त्याला काढता येत नाही असं मुलांना वाटतं, पण काम करणारा माणूस तेच तेच हलतो. दर मिनिटाला हात त्याच जागी परत येतो. पहिल्या फेरीला फक्त खांदा आणि कोपर काढायचं, पेन्सिल तिथेच टेकवून थांबायचं, हात परत आला की मनगट, पुढच्या फेरीला कोन धरलेली बोटं. पाच भेळी होईपर्यंत माणूस उभा राहतो. चेहरा काढायची गरज नाही. इस्त्रीवाला, उसाच्या रसाचा चरक फिरवणारा, तलावात वल्हं मारणारा, सगळ्यांना हेच लागू. नंतर त्याच्याकडूनच भेळ घ्या. तेवढा वेळ त्याच्याकडे बघत बसलात, तर तेवढं देणं लागतंच.

क्लासचं म्हणाल तर या सुट्टीत नको. एलिमेंटरीची सरकारी चित्रकला परीक्षा तिला पुढे द्यायची असेल तर देऊ दे, तेव्हा क्लासही लावा. त्या परीक्षेत स्मरणचित्र नावाचा विषय असतो, डोळ्यांसमोर नसलेला प्रसंग आठवून काढायचा. गंमत म्हणजे क्लासच्या पोरांची स्मरणचित्रं एका छापाची असतात. बाजार म्हणजे एक छत्री, दोन पाठमोऱ्या बायका आणि एक फुगेवाला. फुगेवाला क्लासमध्येच पाठ झालेला असतो. हातात सवय येते, वाईट नाही ते. पण तुमच्या लेकीला आत्ता सफाईची घाई नाही, तिला पुन्हा वही उघडावीशी वाटायला हवी, आणि ते चित्राला चित्र म्हणून कमी महत्त्व दिलं तर लवकर होईल.

म्हणजे कसं? पानावर 'छान' आणि 'हुबेहूब' या शब्दांना जागाच नसेल असं काहीतरी तिला करायला द्या. जांभळी नाक्याच्या बाजारात गेलात तर वाटेचा नकाशा: कुठून शिरलो, कुठे गर्दीत अडकलो, धाकटा कुठे हट्टाला बसला, कुठे लिंबू सरबत. नकाशात गाय मोठी आणि इमारत छोटी असली तरी कोणी बोलत नाही. किंवा तुमच्या पर्समधल्या सगळ्या वस्तू रांगेने. किंवा वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये आंब्याची पेटी घ्यायला गेलात तर उघडलेली पेटी वरून बघून: फळ्या, गवत, त्यातून डोकावणारे हापूस. आंबा काढताना एक सांगा, तो अंडाकृती नसतो, एका खांद्याने वर असतो. एवढं दिसलं की आंबा आंब्यासारखा होतो. बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज आहे, चार्ल्स कोरिया यांनी आखलेली वसाहत, अंगणाभोवती उतरत्या छपरांची छोटी घरं. छपरांच्या त्रिकोणांत रमणारं मूल असेल तर सकाळी लवकर तिथे जा, मात्र ती लोकांची राहती घरं आहेत, कोणाच्या दारात बसायचं तर विचारून बसा. गोव्याच्या रस्त्याला लागलात तर पनवेल सोडल्यावर कर्नाळ्याचा सुळका दिसतो. त्याचा आकार एका रेघेत येतो, गाडीतूनसुद्धा.

एक मात्र टाळा. वहीत 'माहिती' लिहायला लावू नका. ठाणे स्टेशनच्या पानावर १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, देशातली पहिली प्रवासी रेल्वे, किंवा ऐरोलीच्या पानावर खाडीतलं अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलं, हे सगळं खरं आहे आणि मुलांना कळावंच. पण ते वहीत आलं की वहीची प्रकल्पवही होते आणि मुलांना तो वास लांबून येतो. गप्पांत सांगा. तिला वाटलं तर ती लिहील.

आता धाकटा. त्याला त्याची वेगळी वही, वेगळ्या रंगाच्या कव्हराची, आणि ताईची वही त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची. 'लहान आहे तो, दे ना एक पान' हे वाक्य घरातून हद्दपार करा. इथे मी कडक आहे. अकरा वर्षांच्या मुलीला स्वतःचं असं घरात फार थोडं असतं. त्याला दहा मिनिटं लागणार नाहीत, तीनच मिनिटांत पान संपेल. त्याने काढलेल्या गोंधळाकडे बघून 'हे काय काढलंस?' असं विचारू नका, 'इथे काय चाललंय?' असं विचारा, आणि तो जे सांगेल ते शब्दाला शब्द खाली लिहा, तारखेसह. 'बस पळाली आणि बाबा बसला नाही' असं तो म्हणाला तर तसंच, व्याकरण न सुधारता. गावाला जाताना गाडी पारसिकच्या बोगद्यातून गेली तर त्याला सांगा, हे पान पूर्ण काळं करायचं. सहा वर्षांच्या मुलाला यापेक्षा मोठी मौज नाही.

तुम्हाला चित्रकलेचा गंध नाही, हे फार बरं झालं. तुम्हीही काढायचं आहे. घरातल्या सगळ्यांची मिळून एक तिसरी वही करा, साधी. आई भेळवाल्याचं पातेलं काढते आहे आणि ते घमेल्यासारखं दिसतंय हे मुलीने जवळून बघू दे. फक्त 'शी, मला नाही बाई जमत' असं म्हणत पुसू नका, कारण तेच वाक्य ती तुमच्याकडून उचलणार. काढलं, तारीख टाकली, पान उलटलं. मिस्टरांना चित्र काढायला लावलं तर ते येणारच नाहीत. त्यांना हिशोबाचं पान द्या: तिकीट, पार्किंग, कोणी किती मिसळ खाल्ली, कोणी तर्री मागितली आणि मग रडलं. अशी पानं पुढे सगळ्यांत जास्त वाचली जातात, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. सासूबाईंसाठी प्रत्येक चित्राच्या शेजारचं पान कोरं सोडा. घरी आल्यावर मुलीने त्यांना चित्र दाखवायचं (हेही तिला वाटलं तरच), आणि त्यांना त्या जागेचं काही आठवत असेल तर ते त्यांच्याच शब्दांत तिथे उतरवायचं. त्या ठाण्याच्या नसतील तर त्यांच्या गावच्या तळ्याचं सांगतील. चालेल की.

सामानाचं थोडक्यात. ती महागडी वही तूर्त कपाटातच राहू द्या, तिच्यात पान खराब करायची भीती शिवलेली आहे. ए-५ आकाराची, स्पायरल बांधणीची, साधारण १५० जीएसएम वजनाच्या कार्ट्रिज (चित्रकलेच्या जाडसर) कागदाची वही घ्या, मागचा पुठ्ठा कडक हवा म्हणजे मांडीवर ठेवून काढता येतं. एक २बी पेन्सिल, एक साधं बॉलपेन. खोडरबर घरी. पहिले काही दिवस तिची चिडचिड होईल, पण रबर हातात असला की दहांतली सात मिनिटं पुसण्यात जातात. जलरंगाच्या वड्यांची छोटी पेटी चालेल, मात्र या कागदावर पाणी जास्त झालं की पान फुगतं, त्यामुळे रंगवलेल्या पानाच्या मागे काही काढू नका. तेलखडू समोरच्या पानाला लागतात, मध्ये बटर पेपर घाला.

बसची तिकिटं, हॉटेलची बिलं चिकटवायची हौस मुलांना असतेच. मशीनमधून निघणारी ही गुळगुळीत तिकिटं उष्णतेवर छापलेली असतात, काही महिन्यांत अक्षरं उडतात, गोंद लागला तर त्याहून लवकर. चिकटवा, पण कुठून कुठे आणि किती रुपये हे शेजारी पेनने लिहून ठेवा. पानं-फुलं दाबून ठेवायच्या भानगडीत ठाण्याच्या हवेत पडू नका, जूनमध्ये बुरशी धरते. त्यापेक्षा येऊरला पडलेलं पान कागदाखाली, शिरांची बाजू वर करून, ठेवायचं आणि वरून खडू आडवा घासायचा. शिरा न् शिरा उठते आणि पान तिथेच जंगलात राहतं. मेमध्ये येऊरला जायचं तर सकाळी लवकर, दहाच्या आत खाली.

रोज पान भरलंच पाहिजे असा दंडक करू नका. एखाद्या दिवशी ऊन लागलं, कोणाचं पोट बिघडलं, नाही काढलं. नंतर फोटो बघून मागची पानं भरून काढणं मात्र बंद, तिथेच तुमची गाडी मागच्या वेळी रुळावरून घसरली होती.

फाटलेल्या पानाचे तुकडे तुम्ही ठेवले असतील, आया ठेवतात. ते चिकटवून तिला 'बघ, किती छान होतं' म्हणून दाखवू नका. तिचा निर्णय होता तो. फ्लेमिंगो पुन्हा बघायचे असतील तर ते पावसाळ्यापर्यंतच इथे असतात, आणि बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, तेव्हा आधी चौकशी करून निघा आणि घरात कोणाची दुर्बीण असेल तर मागून घ्या.

जूनमध्ये शाळा उघडली की बाई कदाचित 'सुट्टीतला उपक्रम' मागतील आणि तुमचा हात या वहीकडे जाईल. त्यासाठी वीस रुपयांची वेगळी चित्रकलेची वही आणा, तिच्यात काय ते दोन सूर्योदय काढू दे.